काळीवरची घरे आणि पांढरीचे शहाणपण

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा प्रवासी यवत आणि चौफुला मागे टाकून वरवंडच्या शिवारात शिरला म्हणजे त्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे वाढताना दिसतात. आपल्या ग्रामीण भागातील घर एका दमात बांधून होत नाही. ते कुटुंबाबरोबर वाढते. थोरल्याच्या लग्नाच्या वेळी एक खोली, सुनेच्या सोयीसाठी न्हाणीघर, निवृत्तीचे पैसे हाती आले की रस्त्याच्या बाजूला एखादा गाळा, असा हा विस्तार वीस-पंचवीस वर्षे चाललेला असतो. त्यात शिक्षकाने पतपेढीतून घेतलेले कर्ज असते, कारकुनाने भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम असते, उसाच्या बिलातून बाजूला ठेवलेले पैसे असतात. आणि मग एके दिवशी, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात, जुनी भिंत आणि नवी भिंत जेथे मिळतात नेमक्या त्या जागी वरपासून खालपर्यंत एक रेघ उमटते. पहिल्या वर्षी तिच्यात नख जाते, पुढल्या वर्षी नाणे.

मालक म्हणतो, गवंड्याने सिमेंट मारले. गवंडी म्हणतो, मालकाने घाई केली. घरातील वडीलधारी माणसे राहून गेलेल्या वास्तुशांतीची आठवण काढतात. मग लांबी भरली जाते, रंगाचा हात फिरतो, आणि पुढच्या वैशाखात रेघ पुन्हा त्याच जागी हजर होते. या साऱ्या वादात एका गोष्टीचे नाव कोणीच घेत नाही. ती गोष्ट म्हणजे पायाखालची माती. तिचे गुण शास्त्राला ठाऊक आहेत आणि त्यांवरचे उपायही ठाऊक आहेत. तरीही ज्याची आयुष्याची पुंजी त्या मातीवर उभी राहते, त्याच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचत नाही. असे का व्हावे, हा येथे विचारावयाचा प्रश्न आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाच्या भूमीचे दोन भाग मानले जात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. हा भेद केवळ रंगाचा नव्हता. काळीत पेरावे आणि पांढरीत राहावे, असा एक अलिखित दंडक त्यात होता. वस्तीसाठी उंचवटा, पाण्याचा निचरा आणि घट्ट तळ असलेली जागा पसंत केली जाई. तेथे उभी राहणारी घरेही मातीचीच असत. रुंद भिंती, मातीचा गिलावा, वर माळवद. अशी भिंत थोडीफार हलली तरी मोडत नसे. दरसालच्या लिंपणात भेगा बुजून जात. या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती अंधारी होती, पावसाळ्यात गळत, आणि जड माळवदाखाली कच्च्या दगडी भिंती असल्या तर काय अनर्थ ओढवतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने आपल्याला दाखवले. परंतु घर कोठे बांधावे याविषयीचे पांढरीचे शहाणपण मात्र खरे होते.

आज ते मोडले आहे, आणि ते मोडण्याला सबळ कारणे आहेत. गावठाणे भरून गेली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या. विहिरीवर, मळ्यात, उसाच्या कडेला राहणे सोयीचे ठरले. महामार्गाच्या कडेच्या जमिनीला भाव आला. त्यामुळे जे घर पूर्वी पांढरीत वाढले असते, ते आता काळीत वाढते. शिवाय ते विटा, सिमेंट आणि सळई यांनी वाढते. म्हणजे ज्या पदार्थांना वाकणे ठाऊक नाही, त्यांनी. मऊ घर घट्ट जमिनीवर होते. आता कडक घर चंचल जमिनीवर आले आहे.

माती फुगते आणि आकसते

दख्खनच्या काळ्या पाषाणाची युगानुयुगे झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकण खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे सूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आकसते. चैत्र-वैशाखात शेतात ज्या हातभर खोल भेगा पडतात, त्या या आकसण्याच्याच. शेतकऱ्याला त्यांचे काही वाटत नाही, कारण पहिल्या पावसात त्या मिटतात. परंतु तीच हालचाल भिंतीखाली होते तेव्हा भिंतीला मिटता येत नाही.

येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. घर खचते ते त्याच्या वजनाने, असे आपण धरून चालतो. काळ्या मातीत पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते. फुगणारी माती वरच्या बांधकामाला उचलते, आणि एकमजली घराचा भार या फुगण्याच्या दाबापेक्षा कमी भरतो. म्हणूनच काही वेळा भारी इमारत स्थिर राहते आणि तिच्या शेजारची हलकी खोली दर ऋतूत वर-खाली होते. पाया रुंद केला म्हणजे झाले, हा सल्लाही येथे अपुरा आहे. रुंद पायाने भार अधिक जागेवर पसरतो, म्हणजे मातीवरचा दाब आणखी कमी होतो आणि तिला उचलणे सोपे जाते.

आता विस्ताराच्या खोलीचा विचार करू. जुने घर पंधरा-वीस वर्षे उभे आहे. त्याच्या मध्यभागाखालची माती छपराने आणि फरशीने झाकलेली असल्यामुळे तिच्यातील ओल बरीचशी स्थिर झाली आहे. नवी खोली मात्र भिंतीबाहेरच्या उघड्या जागेवर येते. ती जागा दर उन्हाळ्यात वाळत आली आहे आणि दर पावसाळ्यात भिजत आली आहे. बांधकाम बहुधा एप्रिल-मेमध्ये, शाळेच्या सुट्टीत आणि पावसाच्या आधी उरकले जाते; म्हणजे माती अत्यंत आकसलेली असताना. त्या वेळी चर खणला की माती दगडासारखी लागते आणि गवंडी म्हणतो, पाया पक्का लागला. पाऊस येतो, माती फुगते, नवी खोली उचलली जाते आणि जुने घर आपल्या जागी राहते. त्यात नवी भिंत जुन्या भिंतीत दाते खोदून घट्ट गुंतवलेली असते. दोघींना वेगवेगळ्या दिशांनी ओढले जात असताना हा जोड टिकावा तरी कसा? जी बांधणी मजबुती म्हणून केली, तीच तडा जाण्याचे कारण होते.

कालव्याचे पाणी

दौंड तालुका हा पर्जन्यछायेचा मुलूख. पूर्वीची भीमथडी ती हीच. येथील निसर्गाच्या कोरडेपणावर माणसाने पाणी आणून उपाय केला. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत उभे राहिले आणि त्याच्या उजव्या कालव्याने मुठेचे पाणी या भागात आणले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून खडकवासल्यालाही खिंडार पडले. त्यानंतर धरण पुन्हा उभे राहिले आणि पाणी नव्या उजव्या कालव्याने इंदापूरच्या दिशेने आणखी दूरवर गेले. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव याच पाण्यावर भरतो. या पाण्याने ऊस आला, गुऱ्हाळे आली, पाटसला साखर कारखाना आला, आणि पक्की घरेही आली. त्याविषयी कृतज्ञताच असावयास हवी.

परंतु पाणी आले की मातीच्या ओलीचे गणित बदलते. आवर्तन सुरू असले म्हणजे चारी-पोटचारीच्या कडेची माती भिजते, बंद झाले म्हणजे वाळते. ज्या मातीला पूर्वी वर्षातून एकदा फुगावे लागे, तिला आता अनेकदा फुगावे लागते. कालव्याच्या पाण्याने जमिनीत काय होते याचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. १९१६ साली मुंबई सरकारने यासाठी एक खास पाटबंधारे विभाग स्थापला. इंग्लिस या अभियंत्याच्या हाताखाली त्याने शेजारच्या नीरा खोऱ्यातील पाणथळ व खारवट झालेल्या जमिनींचा कसून अभ्यास केला. तथापि तो अभ्यास पिकासाठी होता. पाझराच्या कडेला घर बांधणाऱ्याचा विचार त्या काळी करण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हा तेथे घरच नव्हते.

घरातले पाणीही कमी उपद्रवी नसते. ग्रामीण घराचा सर्वांत सामान्य विस्तार म्हणजे न्हाणीघर व संडास. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाच्या १२,००० रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानाने लक्षावधी घरांना शौचालय जोडले गेले. ही मोठीच सामाजिक सुधारणा झाली. पण जागेच्या अडचणीमुळे शोषखड्डा पुष्कळदा भिंतीलगतच घेतला जातो. मुरमाड जमिनीत हे एक वेळ खपते. काळ्या मातीत मात्र भिंतीच्या एका कोपऱ्याला बारमाही पाणी पाजण्यासारखे ते आहे. तो कोपरा फुगलेला राहतो, दुसरा आकसलेला, आणि मधली भिंत फाटते.

ज्ञान आहे, पण कोठे?

यावर उपाय नाहीत असे कोणी म्हणू नये. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी कंद असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. जमिनीत गोल छिद्र घेऊन तळाशी ते फुगीर करावयाचे, त्यात सळई व काँक्रीट भरावयाचे, आणि वरच्या तुळईवर भिंत उचलावयाची. तुळई आणि माती यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावयाची, म्हणजे माती फुगली तरी तिला उचलावयास काही सापडू नये. या पायाचे भारतीय मानक १९८० पासून सुधारित स्वरूपात उपलब्ध आहे. मातीचा थर खोल असेल तर अशा खांबाची लांबी निदान ३.५ मीटर असावी, असे ते सांगते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी तर याहून सोपी गोष्ट सिद्ध केली. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, उदाहरणार्थ चांगल्या मुरमाचा, पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालच्या मातीची उचल आटोक्यात राहते. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली आणि पुढे कालव्यांसाठी तिचे मानकही झाले.

या हकिकतीतील विसंगती वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. कालव्याच्या अस्तराखाली कोणती माती असावी याचा विचार देशाने केला; त्या कालव्याच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या भिंतीखाली कोणती माती आहे, हे विचारणारे कोणी नाही. मानके अभियंत्यासाठी लिहिली जातात आणि वाड्यावस्त्यांवरील घर अभियंता बांधत नाही. ते गवंडी बांधतो, आणि गवंड्याचे शिक्षण त्याच्या गुरूच्या हाताखाली होते. तो गुरू बहुधा पांढरीत शिकला.

अर्जातला न असलेला रकाना

शासनाचे वर्तन तर याहून विचार करावयास लावणारे आहे. १८३६ साली वरवंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली. त्यांच्या प्रतवारीत शेतोशेत मातीचा रंग, पोत आणि खोली पाहिली जाई. पावणेदोन हात खोलीची माती वरच्या प्रतीची ठरे. सरकारला सारा घ्यावयाचा होता तेव्हा त्याने मातीची खोली हाताने मोजली. आज सरकार घरासाठी पैसे देते तेव्हा मात्र ती खोली कोणी मोजत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशातील घराला १ लाख ३० हजार रुपये साहाय्य धरलेले आहे. डोंगरात बांधणे खर्चाचे आहे हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. मग खोल काळ्या मातीत पाया घालणे खर्चाचे आहे, हे मान्य होण्यास अडचण कोणती? सपाट प्रदेश म्हणजे सोपा प्रदेश, असे कागदावरून वाटते. त्या सपाटीखाली मुरूम दोन फुटांवर आहे की बारा फुटांवर, याची नोंद नाही. बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला स्थानाच्या नोंदीसह छायाचित्र काढून मगच पुढचा हप्ता द्यावयाचा, अशी दक्षता योजनेत आहे. त्या छायाचित्रात पाया दिसतो. पाया कशावर टेकला, ते दिसत नाही.

नोकरदाराची स्थिती वेगळी नाही. घरबांधणी अग्रिम असो की पतपेढीचे कर्ज, मालकीचा उतारा, नकाशा आणि अंदाजपत्रक मागितले जाते. मातीविषयीचा प्रश्न सहसा येत नाही. गावठाणात घर बांधण्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२व्या कलमान्वये पंचायतीची परवानगी लागते. ती देताना हद्द, रस्ता आणि शेजाऱ्याची हरकत पाहिली जाते. शेजारी हरकत घेऊ शकतो, माती घेऊ शकत नाही.

विम्याकडे पाहावे, तर १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृहरक्षा’ या प्रमाणित विमापत्रात घराखालची जमीन खचण्याच्या जोखमीला संरक्षण आहे. मात्र नव्या बांधकामाचे सर्वसाधारण बसणे व तडकणे, भरावाच्या जमिनीची हालचाल, सदोष आखणी वा कारागिरी, तसेच बांधकामातील फेरबदलामुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे. म्हणजे विस्ताराच्या खोलीला सामान्यतः ज्या कारणांनी तडे जातात, ती बहुतेक बाहेरच राहतात. इंग्लंडमध्ये १९७१ पासून घराच्या विम्यात जमीन खचण्याचा समावेश झाला. १९७६ च्या अवर्षणात तेथील चिकणमातीवरील हजारो घरांना तडे गेले, तेव्हा विमा कंपन्यांना भरपाई मोजावी लागली आणि त्यानंतर तेथे पाया अधिक खोल नेण्याचा आग्रह वाढला. नुकसान कोणाच्या तरी हिशेबवहीत उमटले म्हणून नियम सुधारला. आपल्याकडे ते केवळ घरमालकाच्या भिंतीवर उमटते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची घरे फाटू लागली तेव्हा सारा देश तिकडे पाहू लागला, आणि ते योग्यच होते. पण पठारावरचे हे संथ, ऋतुमानाप्रमाणे होणारे नुकसान कोणत्याच बातमीत बसत नाही.

काय करता येईल

यावर असे म्हटले जाईल की, हे सारे उपाय श्रीमंतांचे आहेत; एका खोलीसाठी कोणी खांबांचा पाया घालीत नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु सर्वांत मोलाचे उपाय सर्वांत महागडे नाहीत. बांधण्यापूर्वी एक खड्डा खणून मुरूम किती खोल आहे ते पाहणे, हे मजुराचे एक दिवसाचे काम आहे. मुरूम जवळ असेल तर पाया थेट त्यावर न्यावा. तो खोल असेल तर जाणकार अभियंत्याला विचारावे आणि काळी माती काढून दाबलेला मुरूम किती जाडीचा भरावयाचा ते ठरवावे. नवी खोली जुन्या भिंतीत न गुंतवता दोहोंमध्ये सरळ सांधा सोडावा. सांधा लपवता येतो, तडा लपवता येत नाही. घराभोवती उताराची फरशी करून छपराचे पाणी दूर न्यावे. शोषखड्डा आणि मोठी झाडे भिंतीपासून लांब ठेवावीत. आधीच तडा असेल तर त्यावर काचेची एक पट्टी चिकटवून तारीख लिहावी आणि भेगेची रुंदी दर महिन्याला टिपावी. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग ही मातीची भेग होय. तिच्यात सिमेंट भरणे व्यर्थ आहे.

या कामी शिक्षक आणि विद्यार्थी यांना एक थेट वाटा उचलता येईल. माती किती फुगते हे पाहण्याची एक चाचणी १९७७ च्या भारतीय मानकात दिली आहे, आणि ती माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. वाळवून ०.४२५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली माती १० ग्रॅमप्रमाणे दोन मोजनळ्यांत घ्यावी. एकीत १०० मिलिलिटरपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी भरावे, दुसरीत रॉकेल. हवा निघेपर्यंत ढवळून २४ तास ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात १२ मिलिलिटर आणि पाण्यात २१ मिलिलिटर भरली तर फुगण्याचे प्रमाण ७५ टक्के झाले. ५० च्या वर सावध राहावे. १०० च्या वर अभियंत्याच्या सल्ल्यावाचून पाया घालू नये. वरवंडसारख्या गावातील शाळेने वाडीवाडीची माती आणून अशी चाचणी केली, तर दोन-तीन वर्षांत गावाच्या मातीचा एक नकाशा तयार होईल. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर घर बांधू पाहणाऱ्याला निदान कोठे सावध राहावयाचे ते कळेल.

शासनाकडूनही फार मोठे मागणे नाही. घरकुलाच्या आणि अग्रिमाच्या अर्जात मुरमाच्या खोलीचा एक रकाना घालावा. ज्या ठिकाणी ती खोली ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तेथे डोंगराळ भागाप्रमाणे वाढीव साहाय्य द्यावे. किल्लारीनंतर गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम शासनाने राबवला होता. काळ्या मातीतील पायासाठी तसा कार्यक्रम प्रत्येक पंचायत समितीत होणे अशक्य नाही. भूकंप कधी तरी येतो. पावसाळा आणि उन्हाळा दरवर्षी येतात.

पांढरीत परत जाणे आता कोणाला शक्य नाही. घरे काळीवर वाढणार, हे गृहीतच धरले पाहिजे. परंतु काळीवर राहावयाचे तर तिचा स्वभाव ओळखून राहावे, एवढे पूर्वजांइतके शहाणपण आपल्याला दाखवावेच लागेल. पुढल्या वैशाखात वरवंडच्या परिसरात अनेकांचे चर खणले जातील. त्यांतल्या निदान काही चरांशेजारी एक खोल खड्डा आधी खणला गेला आणि मालकाने त्यात वाकून पाहिले, तर कोणाची तरी पतपेढीची कर्जफेड तडा गेलेल्या भिंतीसाठी चालू राहणार नाही.